खेळलेला माणूस उपचार करतो तेव्हा

१ मे १९६५. वेम्बलीवर लिव्हरपूल आणि लीड्स यांच्यातला एफए कपचा अंतिम सामना सुरू होऊन जेमतेम काही मिनिटं झाली होती. धडक बसून लिव्हरपूलचा बचावपटू जेरी बर्न खाली पडला. संघाचा फिजिओ बॉब पेस्ली धावत आत गेला आणि चाचपून बघताच त्याला कळलं, की कॉलर बोन मोडलंय. तेव्हा बदली खेळाडूची सोय नव्हती. बर्न बाहेर आला असता तर उरलेला सामना दहा जणांनी खेळावा लागला असता. ही गोष्ट लीड्सच्या कानावर जाऊ द्यायची नाही असं ठरलं आणि मोडक्या हाडानिशी बर्न पूर्ण १२० मिनिटं खेळला. जादा वेळेतला पहिला गोल झाला तो त्याच्याच पासवर. लिव्हरपूलने कप २-१ असा जिंकला.

पेस्ली स्वतः १९५४ पर्यंत लिव्हरपूलकडून खेळलेला. त्याआधी गवंडीकाम केलेलं, युद्धात तोफखान्यात राहिलेला. खेळणं थांबल्यावर टपालाने अभ्यासक्रम करून आणि रुग्णालयात शस्त्रक्रिया बघून त्याने दुखापतींचं शास्त्र शिकून घेतलं. खेळाडूच्या नुसत्या चालण्यावरून तो ओळखायचा की याचा गुडघा उद्या-परवा कुरकुरणार. पुढे व्यवस्थापक म्हणून त्याने तीन युरोपियन कप जिंकले, त्यामुळे त्याचं फिजिओपण मागे पडलं.

वेम्बलीची ही हकिगत लिव्हरपूलमध्ये अभिमानाने सांगतात. मला मात्र तिची भीती वाटते. कधीही न खेळलेल्या डॉक्टरने बर्नला बाहेर काढलं असतं. पेस्लीने काढलं नाही, कारण कपचा अंतिम सामना सोडणं म्हणजे काय हे त्याला आतून ठाऊक होतं. खेळलेल्या माणसाच्या हातात उपचार गेले की त्या हातांना खेळाडूचं वेडही कळतं, आणि कळलेलं वेड दर वेळी आवरलं जातंच असं नाही. आपल्याकडच्या तालमीतले वस्ताद निखळलेला खांदा बसवतात, मुरगळलेल्या पायाला लेप लावतात. त्या हातांतलं कसब खरंच असतं. पण ते कसब एकाच प्रकारच्या शरीरावर घडलेलं असतं: तरणं, पुरुषाचं, कमावलेलं. दुसऱ्या प्रकारचं शरीर समोर आलं की काय होतं, हा या लेखाचा प्रश्न.

त्याच काळात लंडनमध्ये आर्सेनलच्या उपचारकक्षात बर्टी मी नावाचा दुसरा माजी फुटबॉलपटू बसलेला होता. जन्म १९१८ चा, नॉटिंगहॅमकडचा. डाव्या बगलेवरून खेळायचा, डर्बी आणि मॅन्सफिल्ड या क्लबांत होता. नाव व्हायच्या आतच दुखापतीने खेळ सुटला. पेस्ली आणि बर्टी यांच्यातला फरक पडला तो सैन्यात. रॉयल आर्मी मेडिकल कोअरमध्ये बर्टी फिजिओथेरपी रीतसर शिकला आणि युद्ध संपल्यावर बरीच वर्षं अपंग झालेल्या सैनिकांच्या पुनर्वसनाचं काम करत राहिला. पाय गेलेले, हात लुळे पडलेले, पाठ मोडलेली माणसं पुन्हा उभी करायची, उभी राहणं शक्य नसेल तर बसून जगायला शिकवायची, हे त्याचं रोजचं काम.

१९६० मध्ये तो आर्सेनलमध्ये फिजिओ म्हणून आला. तोवर इंग्लिश फुटबॉलमध्ये फिजिओ म्हणजे बहुतेकदा बादली आणि गार पाण्याचा स्पंज घेऊन धावणारा निवृत्त खेळाडू. जखमी खेळाडू सकाळी तासभर दिवा लावून शेकून घ्यायचा आणि घरी जायचा. बर्टीने हे बंद केलं. जखमी खेळाडूने सकाळी यायचं आणि दिवसभर राबायचं. एक पाय प्लास्टरमध्ये असेल तर दुसऱ्याचा व्यायाम, दोन्ही हातांचा व्यायाम, पोटाचा, पाठीचा. उपचारकक्षापेक्षा मैदानावरचा सराव सोपा, असं खेळाडूंना वाटू लागलं. त्यात शिस्तीचा भाग होताच, बर्टी कडक माणूस होता. पण मूळ कल्पना सैनिकांच्या वॉर्डातली होती. ज्याचा पाय परत येणार नाही त्याला 'बरा होईपर्यंत पडून राहा' असं सांगता येत नाही. जे शाबूत आहे त्याला पहिल्या दिवसापासून कामाला लावावं लागतं. बर्टीने हाच नियम घोट्याच्या लचकेला लावला.

यामागचं शास्त्र आता पक्कं झालं आहे. स्नायू वापरला नाही तर काही दिवसांतच झिजू लागतो. शिवाय सांध्याच्या अस्थिबंधांमध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. पाय कुठे आहे, किती कलला आहे, याची बातमी ती मेंदूला पोचवतात. घोटा मुरगळतो तेव्हा अस्थिबंधाच्या तंतूंबरोबर ही बातमीची सोयही बिघडते. सूज उतरली, दुखणं थांबलं, तरी माणूस तोच घोटा पुन्हा पुन्हा मुरगळून घेतो, त्याचं एक मोठं कारण हे. डोळे मिटून दुखऱ्या पायावर उभं राहायला फिजिओ सांगतो तेव्हा तो ताकद नव्हे, ही बातमी परत आणत असतो.

१९६६ मध्ये आर्सेनलने बर्टीला व्यवस्थापकच केलं. त्याने अट घातली, की वर्षभरात जमलं नाही तर मला माझी फिजिओची जागा परत द्या. तशी वेळ आली नाही. १९७१ मध्ये आर्सेनलने लीग आणि एफए कप एकाच हंगामात जिंकले. अंतिम सामन्यात समोर लिव्हरपूल होतं, आणि त्यांच्या ताफ्यात पेस्ली.

फिजिओथेरपीचं मूळच मुळी व्यायामशाळेत आहे. १८१३ मध्ये स्टॉकहोमला व्यायामविद्येची राजमान्य संस्था काढणारा पेर हेन्रिक लिंग हा तलवारबाजीचा शिक्षक. तलवार चालवता चालवता स्वतःचा दुखरा हात सुधारला हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यातून त्याने आजाऱ्यांसाठी हालचालींची पद्धत रचली. म्हणजे स्वतःच्या शरीरावरून सुरुवात, हे इथेही आहेच. पण ही विद्या खेळाच्या बाहेर जाऊन मोठी झाली आणि नंतर परत खेळाकडे आली.

या प्रवासातला सगळ्यात नाट्यमय टप्पा इंग्लंडमधल्याच स्टोक मँडेव्हिल रुग्णालयातला. नाझी जर्मनीतून निसटून आलेले मेंदूविकारतज्ज्ञ लुडविग गुटमान यांच्याकडे १९४४ मध्ये तिथला मणक्याच्या दुखापतींचा विभाग आला. मज्जारज्जू तुटलेला सैनिक तोवर सहसा वाचत नसे. मृत्यू मणक्यामुळे यायचा नाही, पाठीला पडलेल्या शय्याव्रणांतून आणि तुंबलेल्या लघवीच्या संसर्गातून यायचा. गुटमान यांनी रुग्णाला रात्रंदिवस दर दोन तासांनी कुशीवर वळवायला लावलं. एवढ्या साध्या, कष्टाच्या गोष्टीने माणसं जगू लागली. मग पुढचा प्रश्न आला, की जगलेल्या माणसाने करायचं काय? गुटमान यांनी खेळ आणला आणि तो औषधासारखा आणला. तिरंदाजीत कमरेवरचे सगळे स्नायू लागतात, खुर्चीत बसून धड तोलायला लागतं, म्हणून तिरंदाजी. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचं उद्घाटन होत असताना, रुग्णालयाच्या हिरवळीवर सोळा रुग्णांनी धनुष्यं उचलली. तिथून रोम, १९६०, आणि आजचं पॅरालिम्पिक.

आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे याच वाटेने गेले. सैन्यात असताना ते मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, एक मणक्यात रुतली, कमरेखालचं शरीर गेलं. मुंबईच्या अश्विनी नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं. पाणी शरीराचं वजन पेलतं, त्यामुळे कोरड्यावर जे स्नायू हलत नाहीत ते तिथे थोडे तरी हलतात, आणि जे चांगले आहेत त्यांना पाण्याच्या विरोधातून व्यायाम होतो. पेटकरांचा तो व्यायाम हायडेलबर्गला १९७२ मध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलच्या सुवर्णपदकापर्यंत पोचला. वेळ ३७.३३ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, चित्रपट निघाला २०२४ मध्ये.

त्याच १९७२ च्या उन्हाळ्यात, त्याच पश्चिम जर्मनीत, म्युनिकच्या ऑलिम्पिकमध्ये भारताला हॉकीचं कांस्यपदक मिळालं. त्या संघातले वेस पेस हे गोव्यात जन्मलेले, आणि डॉक्टर. पुढे ते क्रीडावैद्यकात शिरले, उत्तेजकविरोधी कामात राहिले. आपण त्यांना लिअँडरचे वडील म्हणून ओळखतो, ही आपली सवय. खेळणं आणि उपचार हे दोन्ही एका आयुष्यात करून दाखवणारी माणसं आपल्याकडे मोजकी, त्यांत त्यांचं नाव वर येतं.

आता एका अशा माणसाकडे वळतो ज्याने खरोखरच स्वतःच्या शरीरावर प्रयोग केला. होकान आल्फ्रेडसन हे स्वीडनमधले अस्थिशल्यविशारद, आणि धावण्याचे शौकीन. टाचेमागची शीर, म्हणजे अकिलीज टेंडन, सतत दुखायची. वरिष्ठांना म्हणाले, शस्त्रक्रिया करा. वरिष्ठ म्हणाले, शीर तुटलेली नाही, करणार नाही. तेव्हा आल्फ्रेडसननी ठरवलं की ती तोडूनच दाखवायची. पायरीच्या कडेवर उभं राहून, सगळं वजन दुखऱ्या पायावर टाकून टाच सावकाश खाली सोडायची, पुन्हा पुन्हा, दुखलं तरी. शीर तुटली नाही. उलट दुखणं गेलं.

टेंडन हा समांतर तंतूंचा दोर असतो. ताण मिळाला तरच त्यातल्या पेशी नवे तंतू विणतात आणि ते ताणाच्या दिशेने लागतात. विश्रांतीने दुखणं दबतं, पण दोर कमकुवतच राहतो. १९९८ मध्ये आल्फ्रेडसन आणि सहकाऱ्यांनी १५ हौशी धावपटूंवर हा व्यायाम १२ आठवडे करून बघितला, दिवसाला १८० वेळा. सगळे पुन्हा धावू लागले. जगभरच्या फिजिओंनी हा व्यायाम उचलला. माझ्या मते एखाद्या जखमी खेळाडूने शास्त्राला दिलेली ही सगळ्यात चांगली भेट आहे.

पण पुढची गोष्ट कमी सांगितली जाते. हाच व्यायाम बैठं काम करणाऱ्या, कधी न धावणाऱ्या रुग्णांना दिला तेव्हा यश बरंच कमी आलं. शीर तीच, दुखणं तेच, पण माणूस वेगळा. वजन वेगळं, चयापचय वेगळं, आणि दुखत असताना दिवसाला १८० वेळा टाच सोडण्याची खेळाडूची सवय अंगात नाही. डॉक्टर धावपटू होते म्हणून उपाय सापडला, आणि तो पहिल्यांदा लागू पडला तो धावपटूंनाच.

स्वतःसारख्याच शरीरापुरतं कळण्याचा हा अडसर किती मोठा आहे ते बघायला पुन्हा आर्सेनलमध्येच जाऊ. २०२२-२३ च्या हंगामात त्यांच्या महिला संघातल्या चार खेळाडूंचा गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला: बेथ मीड, व्हिव्हियान मीडमा, लिया विल्यमसन आणि लॉरा वीनरॉइथर. काही महिन्यांत चार, त्याही बहुतेक पहिल्या फळीतल्या. फुटबॉल आणि बास्केटबॉलसारख्या खेळांत स्त्रियांना ही दुखापत पुरुषांच्या दुप्पट ते आठपट होते हे बरंच आधीपासून माहीत होतं. कारणांवर वाद आहेत. कमरेची ठेवण, उडी मारून उतरताना गुडघा आत वळणं, मांडीच्या पुढच्या आणि मागच्या स्नायूंच्या ताकदीतली तफावत, पाळीच्या चक्रातले बदल, पुरुषांच्या पावलावर बेतलेले बूट, मुलींना लहानपणी न मिळालेलं शक्तिप्रशिक्षण. शेवटची दोन कारणं शरीराची नाहीतच, व्यवस्थेची आहेत. २०१४ ते २०२० या काळातले क्रीडाशास्त्राचे पाच हजारांवर शोधनिबंध तपासले गेले, तेव्हा फक्त स्त्रियांवर केलेला अभ्यास ६ टक्के निघाला आणि फक्त पुरुषांवरचा ३१ टक्के.

उपाय अवघड नव्हते. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या सुमारे १,९०० मुलींवर 'इलेव्हन प्लस' या वीसेक मिनिटांच्या वॉर्म-अपची चाचणी झाली. धावणं, एका पायावर तोल, उडी मारून नीट उतरणं, मांडीमागच्या स्नायूंची कसरत. एकूण दुखापती जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्या आणि गंभीर दुखापती त्याहून अधिक. आपल्याकडच्या कबड्डी-खोखोच्या मैदानांवर मुलींना धावायला लावून थेट डावाला उतरवतात. ही वीस मिनिटं तिथेही फुकटच मिळतील.

काही शरीरांच्या बाबतीत अज्ञान ही नुसती उणीव नसते, धोका असतो. छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर मज्जारज्जूला इजा झालेला खेळाडू घ्या. हृदयाची गती वाढवण्याच्या सूचना नीट पोचत नाहीत, म्हणून 'नाडी १६० पर्यंत न्या' हा नेहमीचा हिशोब त्याला लागू नाही. इजेच्या खालच्या भागाला घाम येत नाही, त्यामुळे एप्रिलच्या उन्हात तो पटकन तापतो. आणि त्याचं मूत्राशय भरलं किंवा लघवीची नळी दुमडली, तरी रक्तदाब अचानक इतका चढू शकतो की मेंदूत रक्तस्राव व्हावा. डोकं ठणकू लागलं तर अशा माणसाला आडवं करायचं नसतं, ताठ बसवायचं आणि नळी तपासायची. शंभर क्रिकेटपटूंचे खांदे सुधारलेल्या फिजिओला हे आपोआप कळणार नाही. अघोरी बाब अशी, की काही पॅरा खेळाडूंनी याच रक्तदाबाचा फायदा घ्यायला तो मुद्दाम चढवायला सुरुवात केली. आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने त्यावर बंदी घातली आहे.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांचं उलट. त्यांचे सांधे मुळातच सैल असतात, आणि काहींच्या मानेतले पहिले दोन मणके एकमेकांवरून सरकण्याइतके. खेळाडू वाढवताना लवचिकता हा गुण मानला जातो. इथे ताण देण्याचा उत्साह आवरायचा आणि ताकद वाढवायची. स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये फिजिओ या खेळाडूंची लवचिकता, ताकद, तोल आणि दमसास मोफत तपासतात. अनेकांच्या आयुष्यातली ती तशी पहिलीच तपासणी असते.

आता प्रश्न फिरवून बघू. स्वतःसारखं नसलेलं शरीर नेहमी टेबलावरच का असावं, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला का नसावं? अमेरिकेच्या आयोवा राज्यातली शेतकऱ्याची मुलगी चेरी ब्लाउवेट तान्ही असताना शेतावरच्या अपघातात मज्जारज्जूला इजा होऊन व्हीलचेअरवर आली. २००४ आणि २००५ अशी सलग दोन वर्षं तिने बोस्टन मॅरेथॉनची व्हीलचेअर शर्यत जिंकली, पॅरालिम्पिकमध्ये सात पदकं मिळवली, त्यातलं अथेन्सचं ८०० मीटरचं सुवर्ण. शर्यती सुरू असतानाच तिने स्टॅनफर्डला वैद्यकीय शिक्षण घेतलं. आज डॉ. ब्लाउवेट बोस्टनच्या स्पॉल्डिंग पुनर्वसन रुग्णालयात क्रीडावैद्यक आणि पुनर्वसनाच्या तज्ज्ञ आहेत. २०१७ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी लेख लिहिला, त्याचा आशय मथळ्यातच होता: मी व्हीलचेअर वापरते, आणि हो, मीच तुमची डॉक्टर.

त्यांच्यासारख्या लोकांमुळे ज्या गोष्टींकडे लक्ष गेलं त्या बघितल्या की आधी कशा दिसल्या नाहीत याचं नवल वाटतं. तपासणीचं टेबल. साधारण मांडीच्या वर उंची, व्हीलचेअरवरून त्यावर सरकणं जवळपास अशक्य. मग रुग्णाला खुर्चीतच तपासतात, म्हणजे नीट तपासतच नाहीत. वजनकाटा उभं राहणाऱ्यांचाच. वजन न करता औषधाची मात्रा अंदाजाने ठरते. अमेरिकेतल्या ७१४ डॉक्टरांच्या एका पाहणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ८२ टक्क्यांहून अधिक डॉक्टरांनी सांगितलं की लक्षणीय अपंगत्व असलेल्यांच्या जगण्याचा दर्जा इतरांपेक्षा खालावलेला असतो. त्यांना तितक्याच दर्जाचे उपचार देता येतील अशी पूर्ण खात्री मात्र सुमारे ४१ टक्के डॉक्टरांनाच होती. पाहणीचं नेतृत्व करणाऱ्या लिसा आयेझोनी हार्वर्डच्या प्राध्यापक, मल्टिपल स्क्लेरोसिसमुळे स्वतः व्हीलचेअर वापरणाऱ्या.

भारतात फिजिओथेरपीचं पहिलं विद्यालय निघालं ते मुंबईत, केईएम रुग्णालयात, १९५३ मध्ये. निमित्त खेळाडू नव्हते, पोलिओ झालेली मुलं होती. म्हणजे आपल्याकडेही ही विद्या अपंग शरीरांवरच शिकली गेली. आज क्रीडा फिजिओचा रुबाब आयपीएलच्या सीमारेषेवर दिसतो, आणि पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात. या दोन्ही ठिकाणी काम केलेला फिजिओ भेटला तर मी माझा गुडघा बिनधास्त त्याच्या हाती देईन.

पण असा फिजिओ होण्याची वाट खेळाडूला सोपी नाही. राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या मुला-मुलीला रेल्वे, पोलीस, बँक इथे खेळाच्या जोरावर नोकरी मिळते. फिजिओथेरपीच्या पदवीला, म्हणजे बी.पी.टीएच.ला, महाराष्ट्रात 'नीट'च्या गुणांवर प्रवेश असतो, आणि अकरावी-बारावीची वर्षं ज्यांची मैदानावर गेली ते तिथे मागे पडतात. अपंग खेळाडूला तर याहून अवघड. डॉक्टर व्हायचं म्हटलं तर एमबीबीएससाठी 'दोन्ही हात शाबूत, संवेदना आणि ताकद पुरेशी' अशी अट नियमांत होती, आणि अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक रेषेपलीकडे गेली की पुढचं कोणी बघत नसे. २०२४ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयातून आलेल्या एका प्रकरणात, बोलण्याचं अपंगत्व ४४-४५ टक्के असलेल्या विद्यार्थ्याला अपंगत्व तपासणाऱ्या मंडळाने टक्क्यांवरूनच अपात्र ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने टक्के बाजूला ठेवून तो हा अभ्यासक्रम करू शकतो का, एवढंच तपासायला नवं वैद्यकीय मंडळ नेमलं. मंडळाने तपासलं आणि कळवलं, की करू शकतो. त्याला प्रवेश मिळाला. 'दोन्ही हात शाबूत' ही अटही २०२५ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने दुसऱ्या एका निकालात मोडीत काढली.